होम्सला किती पानं पुरतात?

१८८६ साली 'कॉर्नहिल' मासिकाचे संपादक जेम्स पेन यांच्याकडे एका तरुण डॉक्टरचं बाड आलं. त्यांनी कौतुक केलं आणि बाड परत पाठवलं. हे फार आखूड आहे आणि फार लांबही आहे, असं त्यांचं म्हणणं. संपादकानं टोलवाटोलवी करावी तशी ही भाषा वाटते. पण लेखक आर्थर कॉनन डॉयल यानं १९२४च्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगताना पेनचं म्हणणं बरोबरच होतं, असं लिहून ठेवलं आहे. बाड होतं 'अ स्टडी इन स्कार्लेट'चं, म्हणजे शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीचं. लांबी सुमारे ४३ हजार इंग्रजी शब्द.

डॉयलनं पुढची चाळीस वर्षं हाच नायक दोन मापांत लिहिला. चार कादंबऱ्या, प्रत्येकी ४३ ते ५९ हजार शब्दांच्या. आणि ५६ कथा, बहुतेक सात ते दहा हजार शब्दांच्या. लेखक तोच, नायक तोच, बेकर स्ट्रीटची खोली तीच, सांगणारा वॉटसनही बहुतेक ठिकाणी तोच. बदलते ती लांबी. लांबीमुळे वाचनाचं काय होतं हे तपासायला इतकी स्वच्छ जोडी सहसा हाती लागत नाही. (पुढे रहस्यं फोडली आहेत. ज्यांनी होम्स वाचलेला नाही त्यांनी आधी वाचून यावं. हा लेख कुठे पळून जात नाही.)

पहिला प्रयत्न: खुनी सापडला, पुस्तक निम्मं शिल्लक

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कथा-कादंबरीचे खण ठरलेले होते. प्रतिष्ठेची कादंबरी तीन खंडांत निघे, साधारण दीड-दोन लाख शब्दांची, किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स. ती विकत घेणारे मोजके. लोक वर्गणीच्या वाचनालयातून एकेक खंड घरी नेत. वाचनालयाला ते सोयीचंच, कारण एक कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरायची. दुसरा खण मासिकातल्या सुट्या गोष्टीचा, त्याच अंकात संपणारा. ४३ हजार शब्द दोन्हींत बसेनात. एका अंकात मावत नाहीत आणि क्रमशः चालवावं तर मालिका लवकरच आटोपते. शेवटी वॉर्ड लॉक कंपनीनं २५ पौंडांत सगळे हक्क घेतले, बाजारात स्वस्त पुस्तकांचा सुळसुळाट आहे म्हणून मजकूर वर्षभर ठेवून दिला आणि १८८७च्या अखेरीस 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल' या एक शिलिंगाच्या वार्षिकात छापला.

बाजार बाजूला ठेवून नुसतं वाचून पाहिलं तरी पेनचा शेरा लागू पडतो. पुस्तकाचे दोन भाग, प्रत्येकी सात प्रकरणं. पहिल्या भागात रिकाम्या घरातलं प्रेत, भिंतीवर रक्तानं लिहिलेला शब्द, एक अंगठी. सातवं प्रकरण संपता संपता होम्स आपल्याच खोलीत एका गाडीवानाच्या हातात बेड्या अडकवतो. हाच खुनी. पुस्तक निम्म्यावर आहे.

पान उलटलं की आपण १८४७ सालच्या अमेरिकेतल्या ओसाड वाळवंटात. होम्स नाही, वॉटसन नाही, 'मी' म्हणणारा कुणी नाही. फेरियर नावाचा माणूस, त्यानं सांभाळलेली मुलगी, युटामधले मॉर्मन पंथाचे लोक, जबरदस्तीचं लग्न, सूड. पाच प्रकरणं हे चालतं. बारा-पंधरा हजार शब्दांनंतर आपण लंडनला परततो. मग गाडीवानाचा जबाब आणि सगळ्यात शेवटी होम्सनं त्याला कसं ओळखलं याचा खुलासा.

यात वाचक तीन ठिकाणी अडखळतो. खुनी कोण हे कळल्यावर उत्सुकतेचा मोठा वाटा संपलेला असतो. उरलेल्या 'का'साठी पाच प्रकरणं हे फार महाग. दुसरं म्हणजे निवेदक न सांगता बदलतो. बांधणीवाल्यानं दुसऱ्याच पुस्तकाचे फर्मे शिवले की काय, अशी शंका येऊन पानं मागे-पुढे करणारे वाचक आजही भेटतात. तिसरी अडचण जास्त खोल आहे. होम्सचा खुलासा ज्या तपशिलांवर उभा आहे, म्हणजे चाकांच्या खुणा, पावलांतलं अंतर, चिरुटाची राख, ते सगळे वाचून इतका वेळ गेलेला असतो की 'अरे, हे तर डोळ्यांसमोर होतं' ही चपराक बसतच नाही. वाचक मान डोलावतो आणि पुस्तक मिटतो.

डॉयलनं असं का केलं? तिसऱ्या प्रकरणात उत्तर आहे. होम्स त्या खोलीत थोडा वेळ रांगतो, टेप लावून मोजतो आणि बाहेर पडताना पोलिसांना सांगून टाकतो: खुनी पुरुष, सहा फुटांहून उंच, ऐन उमेदीतला, उंचीच्या मानानं पावलं लहान, चौकोनी टोकाचे बूट, त्रिचनापल्लीचा चिरूट ओढणारा; आला चारचाकी घोडागाडीतून, घोड्याचे तीन नाल जुने आणि एक नवा. चौदातल्या तिसऱ्या प्रकरणात एवढं! चाळीस हजार शब्द भरायचे आहेत आणि नायकानं सुरुवातीलाच निम्मं कोडं खाऊन टाकलं.

या सगळ्याची किल्ली इथे आहे. होम्सची गंमत त्याच्या वेगात आहे. त्यामुळे पुस्तक जितकं लांब, तितकं होम्सला रंगमंचावरून बाहेर ठेवणं भाग पडतं. चारही कादंबऱ्यांत डॉयलनं तेच केलं आहे. पद्धत तेवढी बदलली.

दुसरा प्रयत्न

'द साइन ऑफ फोर' १८९० साली लिपिनकॉट्स मासिकात आली. हे मासिक एका अंकात अख्खी कादंबरी छापत असे, त्यामुळे इथे पुन्हा तेच माप: सुमारे ४३ हजार. बांधणी मात्र सुधारली. बारा प्रकरणांपैकी अकरा लंडनमध्येच, एका धाग्यात. होम्सला थोपवायला डॉयलनं दोन गोष्टी वापरल्या. एक, मधे तपास अडतो: थेम्सवरची वाफेची लाँच सापडत नाही, होम्स घरात येरझाऱ्या घालतो. दोन, त्या रिकाम्या वेळात वॉटसन प्रेमात पडतो. तरीही भूतकाळाचं गाठोडं राहिलंच. ते अखेरच्या प्रकरणात सोडलं आहे, गुन्हेगाराच्या तोंडून, १८५७चा आग्र्याचा किल्ला, खजिना आणि अंदमानसकट. हे प्रकरण पुस्तकात सगळ्यात लांब आहे, जवळजवळ एका स्वतंत्र कथेएवढं. पाठलाग संपलेला, माणूस पकडलेला, आणि आता तो खुर्चीत बसून सगळं सांगणार. (किल्ल्यातल्या शिखांना महोमेत सिंग आणि अब्दुल्ला खान अशी नावं ठेवणाऱ्या लेखकाला भारताची खबर किती होती, हा वेगळा विषय.)

दोन्ही पुस्तकं बेताचीच चालली. आजची होम्सची कीर्ती त्यांच्यावर उभी नाही.

१८९१चं गणित

डॉयल डोळ्यांचा डॉक्टर म्हणून लंडनला आला, दवाखाना थाटला, आणि रुग्ण काही येईनात. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज न्यूनिस यांचं 'स्ट्रँड' मासिक सुरू झालं होतं. किंमत सहा पेन्स, भरपूर चित्रं, रेल्वे स्टेशनांवरच्या टपऱ्यांत सहज मिळणारं. डॉयलनं मासिकांचा व्यवहार वाचकाच्या बाजूनं पाहिला. आत्मचरित्रात त्यानं तो मांडला आहे, तो असा: क्रमशः कादंबरी मासिकाला तारण्यापेक्षा अडचणीचीच ठरते, कारण कधी ना कधी वाचकाचा एक अंक चुकतो आणि मग पुढचं वाचण्यात रस राहत नाही. सुट्या गोष्टींचं उलट. त्या पूर्ण वाचता येतात, पण पुढचा अंक घ्यायला कारण देत नाहीत. मग पात्र चालू ठेवावं आणि गोष्ट मात्र दर अंकात संपवावी.

आज हे इतकं सरावाचं झालं आहे की त्यात काही शोध आहे असं वाटत नाही. दूरदर्शनवरच्या गुप्तहेर मालिका याच हिशेबावर चालल्या. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय याच हिशेबानं पुस्तकामागून पुस्तक परत येत राहिले.

एप्रिल १८९१ मध्ये डॉयलनं कथा पाठवायला सुरुवात केली. 'अ स्कँडल इन बोहेमिया' जुलैच्या अंकात आली: साडेआठ हजार शब्द, सिडनी पॅजेटच्या चित्रांसह. मानधन हजार शब्दांना चार पौंड, म्हणजे कथेचे ३५च्या आसपास. पहिल्या सहा कथांना लोकांनी उचलून धरल्यावर संपादक ग्रीनहफ स्मिथ यांनी आणखी मागितल्या, तेव्हा डॉयलनं अट घातली: कथेमागे ५० पौंड, लांबी कितीही असो.

ही अट किरकोळ वाटते, पण लेखनावर परिणाम करते. दर हजारी पैसे मिळत असतील तर पाल्हाळ लेखकाच्या फायद्याचं. ठोक रक्कम ठरली की कथा जिथे संपते तिथे थांबायला लेखक मोकळा. 'अ‍ॅडव्हेंचर्स' संग्रहातल्या बारा कथांची लांबी पाहिली तर सात हजारांपासून दहा हजारांच्या आतबाहेर हेलकावे आहेत. कोडं जेवढं, तेवढी कथा.

एका कथेची चिरफाड

'द रेड-हेडेड लीग', ऑगस्ट १८९१. सुमारे नऊ हजार शब्द. मिनिटाला दोनशे ते अडीचशे शब्द या नेहमीच्या वेगानं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं वाचन. लोकलमध्ये बोरीवलीला चढलेला वाचक चर्चगेटपर्यंत जवळपास पुरी करेल.

जेबेझ विल्सन नावाचा लाल केसांचा सावकार होम्सकडे येतो. त्याला एका विचित्र संस्थेत नोकरी मिळाली होती: लाल केसवाल्यांनी रोज दहा ते दोन या वेळात बसून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका उतरवून काढायचा, आठवड्याला चार पौंड. आठ आठवड्यांनी तो गेला तर दारावर पाटी, संस्था बरखास्त. विल्सन हे सगळं सांगून उठतो तेव्हा निम्मी कथा संपलेली असते. होम्स पाइप ओढतो, विल्सनच्या दुकानासमोरच्या फरशीवर काठी आपटून बघतो, नोकराला रस्ता विचारतो, कोपऱ्यावर बँक आहे हे पाहतो आणि मैफिलीला जातो. रात्री बँकेच्या तळघरात सव्वा तास अंधारात दबा धरून बसणं. फरशी उचकटून चोर वर येतो. शेवटी पान-दीड पान खुलासा: नोकर तळघरातून बँकेपर्यंत बोगदा खणत होता, मालकाला रोज चार तास बाहेर काढायला ही लाल केसांची भानगड.

आता पहिल्या अर्ध्यात विल्सनच्या तोंडचं एक वाक्य बघा. नोकर कामाला चांगला, पगारही अर्धाच घेतो, पण त्याला फोटोग्राफीचं वेड; सारखा कॅमेरा घेऊन फिरतो आणि ससा बिळात शिरावा तसा फोटो धुवायला तळघरात घुसतो. अख्खं रहस्य या वाक्यात उघडं पडलेलं आहे. तळघर आहे, बीळ आहे, अर्ध्या पगारावर राजी असलेला माणूस आहे. वाचक का पकडत नाही? कारण समोर लाल केसांच्या माणसांची रांग आहे आणि ती इतकी मजेदार आहे की नजर तिकडे जाते. आणि खुलासा येईपर्यंत अर्धा तासही गेलेला नसतो, त्यामुळे ते वाक्य डोक्यात ताजं असतं. शेवटी होम्स 'तळघर' म्हणाला की वाचकाला ते स्वतःहून आठवतं. स्वतःहून आठवणं महत्त्वाचं. लेखकानं आठवण करून दिली की मजा निम्मी. 'स्कार्लेट'मध्ये हीच गोष्ट वाळवंटात वाहून गेली होती.

या लांबीचा दुसरा फायदा लेखकाच्या सोयीचा आहे. कथेत ढळढळीत चुका आहेत. जाहिरातीच्या वर्तमानपत्राची तारीख २७ एप्रिल १८९०, त्यावर वॉटसन म्हणतो 'बरोबर दोन महिन्यांपूर्वीचं', आणि संस्था बरखास्त झाल्याच्या पाटीवर ९ ऑक्टोबर. हिशेब कुठेच जुळत नाही. शिवाय एवढा बोगदा खणला तर माती गेली कुठे, हे कुणी विचारत नाही. पहिल्या वाचनात बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही, कारण लक्षात यायला मधे उसंत लागते. एका बैठकीत वाचताना प्रश्न सुचायच्या आत उत्तर येतं. हीच गोष्ट कादंबरी केली असती तर वाचकानं रात्री पुस्तक उशाशी ठेवलं असतं, आणि पडल्या पडल्या त्याला मातीही आठवली असती, अर्धा पगारही. सकाळपर्यंत बोगदा सापडला असता.

लेखकांनी ध्यानात घ्यायची गोष्ट: कथेत कच्चे दुवे खपतात, कादंबरीत पकडले जातात. त्यामुळे कथा वाढवून कादंबरी करायला घेतली की आधी मजकूर वाढवू नये. आधी दुवे तपासावेत.

आखूडपणाची किंमत

डॉयलनं स्वतः नोंदवलेली अडचण अशी की प्रत्येक होम्सकथेला एका लांबलचक पुस्तकाला लागेल तेवढंच नेटकं आणि नवं कथानक लागतं. पानं कमी झाली म्हणून कल्पना कमी लागत नाही. दर महिन्याला एक कथानक संपत गेलं आणि डिसेंबर १८९३ मध्ये त्यानं होम्सला धबधब्यात ढकलून दिलं.

वाचकालाही काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात. कथांमधली बाकीची माणसं लक्षात राहतात ती एकेका खुणेनं: लाल केस, कापलेला अंगठा, वळलेला ओठ. विल्सनचं पुढे काय झालं हे कथा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. या मापात होम्स आणि वॉटसन मात्र मोठे होतात, कारण त्यांना ५६ कथा मिळाल्या. म्हणजे पात्राची लांबी आणि गोष्टीची लांबी डॉयलनं एकमेकींपासून सोडवली. होम्सच्या लहरी आणि सवयी वेगवेगळ्या कथांतून थेंबाथेंबानं येतात. एकाच पुस्तकात सगळ्या दिल्या असत्या तर विक्षिप्तपणाची यादी झाली असती.

खालची मर्यादाही दिसते. १९२७ची 'द व्हेल्ड लॉजर' ही साडेचार हजारांच्या आसपासची कथा आहे. होम्स एका बाईच्या खोलीत जातो, बाई आपली कहाणी सांगते, होम्स ऐकतो. तर्क नाही, तपास नाही. एवढ्या जागेत कोडं मांडून, वाचकाला चुकीच्या दिशेला नेऊन, परत आणायला वाव राहत नाही. वरच्या टोकाला 'द नेव्हल ट्रीटी' आहे, १२ हजारांहून जास्त शब्दांची. ती स्ट्रँडला १८९३च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशा दोन अंकांत फोडून छापावी लागली. म्हणजे ज्या चुकलेल्या अंकाच्या भीतीनं हा साचा निघाला, ती भीती या लांबीला परत आली.

'हाउंड': लांबी जमली ती कशी

आणि तरीही सगळ्यात गाजलेली होम्सची गोष्ट कादंबरीच आहे. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स': १५ प्रकरणं, सुमारे ५९ हजार शब्द, स्ट्रँडमध्ये ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ असे नऊ हप्ते. मूळ कल्पनेत होम्स नव्हता. डॉयलनं संपादकाला दर सांगितला तो असा: होम्सशिवाय हजार शब्दांना ५० पौंड, होम्ससकट १००. स्ट्रँडनं १०० मोजले.

हप्त्याचा हिशेब केला तर सरासरी साडेसहा हजार शब्द, म्हणजे एका होम्सकथेहून थोडा कमी मजकूर. वाचकाची बैठक तीच ठेवली आहे. फरक एवढा की बैठकीच्या शेवटी गोष्ट संपत नाही. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी डॉ. मॉर्टिमर सांगतो की प्रेताजवळ एका प्रचंड कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते, आणि प्रकरण तिथेच तोडलं आहे.

होम्सला बाहेर ठेवायची जुनी अडचण इथे उघडपणे सोडवली. सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला होम्स स्टेशनवर वॉटसनला निरोप देतो आणि अकराव्याच्या शेवटच्या ओळींपर्यंत गायब. पण आपण गुन्ह्याची जागा सोडत नाही, काळ सोडत नाही, निवेदक सोडत नाही. वॉटसन तिथेच आहे, डार्टमूरच्या माळावर, आणि चुका करत शोधतो आहे. आठवं आणि नववं प्रकरण त्याची पत्रं, दहावं डायरी; म्हणजे घटना घडतानाच लिहिलेल्या. 'स्कार्लेट'मध्ये नायक गेला की कोडंही गेलं होतं. इथे नायक गेला आणि कोडं वाढलं.

शिवाय मोठं उत्तर लांबवताना मधली छोटी उत्तरं वेळेवर दिली आहेत:

- नोकर बॅरिमोर रात्री मेणबत्ती घेऊन खिडकीशी का उभा राहतो? आठव्या प्रकरणात प्रश्न, नवव्यात उत्तर: माळावर लपलेला फरारी कैदी त्याच्या बायकोचा भाऊ आहे.
- टेकडीवर चंद्रप्रकाशात दिसलेला माणूस कोण? नववं प्रकरण, अकराव्याच्या शेवटी कळतं की तो होम्सच.
- 'एल. एल.' या आद्याक्षरांची बाई कोण? दहाव्यात धागा, अकराव्यात भेट.
- खुनी कोण? बाराव्यात सांगून टाकलं. उरलेल्या प्रकरणांत प्रश्न बदलतो: त्याला पुराव्यासकट पकडायचं कसं?

लांब गोष्ट वाचकाकडून उधार घेत जाते. मधूनमधून थोडी परतफेड दिसली नाही तर तो पुढचं देत नाही. 'हाउंड'च्या मधल्या भागात एखादा छोटा प्रश्न दोन प्रकरणांहून जास्त तुंबलेला राहत नाही. वरच्या यादीतली शेवटची ओळ जास्त शिकण्यासारखी आहे. 'कोण' हे लवकर सांगितल्यानं 'स्कार्लेट' कोसळली होती, 'हाउंड' कोसळत नाही, कारण नवा प्रश्न पुढच्या काळाचा आहे. बास्करव्हिल घराण्याचा नवा वारस सर हेन्री, त्याचा जीव अजून धोक्यात आहे. युटाची कहाणी घडून गेलेली होती. तिच्यात कुणाला वाचवायचं उरलं नव्हतं.

दूरच्या धाग्यासाठी डॉयलनं काय केलं तेही पाहण्यासारखं. हॉटेलमधून सर हेन्रीचा एक नवा तपकिरी बूट चोरीला जातो. मग तो सापडतो आणि जुना काळा बूट जातो. कारण कुत्र्याला माग काढायला अंगाचा वास असलेली वस्तू लागते. नव्या बुटाला तो नव्हता. वाचकानं हे पहिल्या काही हप्त्यांत वाचलं आणि सविस्तर खुलासा एप्रिलमध्ये आला. 'लीग'मधल्या सशाच्या वाक्यासारखा हा तपशील एकदाच, ओझरता टाकला असता तर कुणालाही आठवला नसता. म्हणून चोरी दोनदा होते, दुसऱ्या वेळी सर हेन्री भडकतो, वेटरला दमात घेतो. चौदाव्या प्रकरणात दलदलीत तो काळा बूट प्रत्यक्ष सापडतो, आत टोरँटोच्या कारागिराचं नावसुद्धा. पेरणं, पुन्हा दाखवणं, हातात देणं. कथेत पहिली पायरी पुरते; कादंबरीत तिन्ही लागतात.

१९१४-१५ची 'द व्हॅली ऑफ फिअर' पुन्हा जुन्या वळणावर गेली. सात प्रकरणं इंग्लंडमधला खून, उकल पूर्ण. मग सात प्रकरणं अमेरिकेतल्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात, होम्सशिवाय. दुसरा भाग स्वतंत्र लघुकादंबरी म्हणून उत्तम आहे. जोड मात्र दिसतो.

वापरायचं कसं

होम्स पहिल्यांदा वाचणाऱ्यानं प्रकाशनक्रम पाळायचा हट्ट धरू नये. 'अ‍ॅडव्हेंचर्स'पासून सुरुवात करावी, एका बैठकीत एक कथा. ओळीनं पाच वाचल्या तर साचा दिसायला लागतो आणि सहाव्या कथेवर अन्याय होतो. त्या मुळात महिन्याच्या अंतरानं वाचण्यासाठी होत्या. 'हाउंड' तीन बैठकांत: पाचव्या प्रकरणाला लंडन संपतं, तिथे पहिला थांबा, अकराव्याला दुसरा. 'स्कार्लेट' घ्याल तेव्हा दुसऱ्या भागाच्या पहिल्या पाच प्रकरणांआधी निदान एक दिवस जाऊ द्या आणि तो भाग वेगळी गोष्ट समजून वाचा. मग तितका बोचत नाही. तिथून परतल्यावर शेवटच्या खुलाशाआधी पहिल्या भागाचं तिसरं प्रकरण पुन्हा चाळलं तर होम्सची करामत जागेवर बसते.

दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांची स्थिती स्ट्रँडच्या लेखकापेक्षाही कडक आहे, कारण पुढचा अंक वर्षानं येतो. शब्दसंख्या ठरवताना इंग्रजी आकडा तसाच उचलू नये. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. मिनिटं मोजावीत. कच्चा खर्डा एका त्रयस्थाला न थांबता वाचायला द्यावा आणि तो मधे कुठे फोन बघतो ते पान टिपून ठेवावं. मग कागदाच्या एका बाजूला गोष्टीतले सगळे प्रश्न आणि ते उघडतात ते पान, दुसऱ्या बाजूला ते मिटतात ते पान. सगळे प्रश्न शेवटच्या पानावर मिटत असतील आणि वाचन तासाभराच्या आत होत असेल तर हरकत नाही, ती कथाच आहे. वाचन दोन तासांवर गेलं आणि तरी सगळी उत्तरं शेवटच्या पानावरच असतील, तर मधल्या पानांत एखादा मेणबत्तीवाला बॅरिमोर लागेल. आणि निम्म्यावर उत्तर देऊन पुढे 'वीस वर्षांपूर्वी...' असं नवं प्रकरण सुरू होत असेल, तर ते प्रकरण काढून बाजूला ठेवावं. बऱ्याचदा ती दुसरी कथा असते, तिला पुढच्या वर्षीचा अंक आहे.